आभाळाचा सातबारा

सरांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा ते माणसाशी बोलत नव्हते, पत्र्याशी बोलत होते. शिडीच्या वरच्या पायरीवर उभे होते, तळहात पत्र्यावर टेकवलेला होता, आणि म्हणत होते, "किती पितोस रे बाबा! पोट कसं फुटत नाही तुझं?"

दिवाळी नुकतीच झाली होती. यांना पारोळ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये काम लागलं होतं म्हणून आम्ही धुळ्याची खोली सोडून आलो होतो. सामानाचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा होता. यांनी खालून हाक मारली, "सर, खोली बघायला आलोय."

"खोली नंतर बघा. आधी वर या आणि हात लावा."

हे वर चढले. हात लावून लगेच मागे घेतला. सर म्हणाले, "ही दिवाळी आहे. वैशाखात याच्यावर भाकरी भाजता येते."

ते ऐकलं आणि माझं पाऊल उंबऱ्याबाहेरच थांबलं. आमचा पहिला मुलगा धुळ्याला असताना गेला होता. वैशाखात, पत्र्याच्याच खोलीत. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. मी म्हणाले, बाळ तर घराबाहेर गेलंच नव्हतं. ते म्हणाले, बाई, बाहेर जावं लागत नाही. आणि आता मला पुन्हा दिवस गेलेले होते. फाल्गुन-चैत्राच्या सुमाराला बाळंत होणार, आणि पुढे सगळा उन्हाळा.

यांनी वरून माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही तेच आठवलं असावं. तेवढ्यात सर शिडी उतरत म्हणाले, "पण या खोलीत भाजता येत नाही. चैत्र लागला की मी याला चुना लावतो. काळं पितं, पांढरं परत देतं." असं म्हणून त्यांनी अंगणाच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे दोन डबे ठेवलेले होते. एक काजळीने काळा केलेला, दुसरा चुन्याने पांढरा. दोन्हींत पाणी. "बोट बुडवून बघा."

यांनी बुडवलं. मीही बुडवलं. काळ्या डब्यातलं पाणी अंघोळीला चाललं असतं. पांढऱ्यातलं पिण्यासारखं होतं.

आम्ही ती खोली घेतली.

सर हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. पत्नी फार वर्षांपूर्वी वारलेली, मूलबाळ नाही, एक पुतण्या जळगावला. उंच, वाळके, आणि अंगावर कुठे ना कुठे चुना. भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर, चष्म्याच्या काडीवर. चुन्याने हातांना भेगा पडलेल्या असत. त्यांची छत्री काळीच होती, पण तिच्यावर त्यांनी जुन्या धोतराचं पान शिवलं होतं. टाके असे वेडेवाकडे, की वारा आला की छत्री दोन थरांची होऊन फडफडायची. सायकल पांढरी, सायकलचं सीटसुद्धा पांढरं. त्या सायकलवरून ते बाजारात निघाले की कुणीतरी ओरडायचंच, "सर, घरले चुना लावा, आते गावले लावा!" सर ब्रेक दाबून थांबायचे आणि अगदी गंभीरपणे सांगायचे, "लावणार आहे. डिंक कमी पडतोय."

चुना पत्र्यावर टिकावा म्हणून ते त्यात बाभळीचा डिंक घालत. डिंक भिजत घातला की त्याचा आंबूस वास आमच्या खोलीपर्यंत यायचा.

जो भेटेल त्याला त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "हात लावा." पोस्टमनला, भाजीवालीला, मीटर बघायला आलेल्या माणसाला. म्हणत, पुस्तकात वाचलेलं विसरतं, हाताला लागलेलं विसरत नाही. शाळेत असतानाही ते असेच होते म्हणे. शाळेचा परीक्षेचा हॉल पत्र्याचा. एप्रिलच्या पेपरला मुलांचा घाम उत्तरपत्रिकेवर पडून शाई पसरायची. सरांनी पत्र्याला चुना लावायची परवानगी मागितली, ती आली नाही. मग एका रविवारी ते एकटेच वर चढले आणि सोमवारी हॉल पांढरा. त्याबद्दल त्यांना लेखी समज मिळाली. ती त्यांनी चौकट करून घरात लावली होती, दुसरे लोक मानपत्र लावतात तशी.

मी त्यांच्याशी बोलत नसे. मी कुणाशीच फारसं बोलत नसे. चौथीपर्यंत शाळा झाली, पुढे घरातच वाढले, लग्न झालं. पुरुष माणसासमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. सर काही विचारायचे तेव्हा मी पदर सावरून मान हलवायची. होय असलं तरी मान, नाही असलं तरी मान. त्यांना त्यातलं काय कळायचं, देव जाणे. पण ते नेहमी "बरं, बरं" म्हणून निघून जायचे.

आमच्या भिंतीला भिंत लागून आबांचं घर होतं. आबा म्हणजे कापसाचे शेतकरी, बोलण्यात तिखट. त्यांचं घर जुनं, धाब्याचं. लाकडी सरे म्हणजे तुळया, त्यावर काटक्या, त्यावर मातीचा जाड थर, आणि सगळ्यात वर खारी. खारी म्हणजे गावाबाहेर मिळणारी पांढरट, खारट माती. दर वर्षी पावसाआधी ती धाब्यावर पसरतात, मग पाणी आत येत नाही. त्या घरात आबांची म्हातारी आई असायची, जिजी. तिला डोळ्यांनी कमी दिसायचं, पण चालायला खणखणीत होती. भिंत धरून धरून सगळ्या गल्लीत फिरायची, प्रत्येकीच्या चुलीवर काय शिजतंय ते वासाने ओळखायची. धुळ्याचं माझं दुःख या गल्लीत फक्त तिला ठाऊक होतं. मी सांगितलं नव्हतं. एकदा माझ्या पोटावर हात ठेवून तिनेच विचारलं होतं, "पहिलं गयं ना?"

आबा आणि सर यांचं रोज वाजायचं. आबा म्हणायचे, "सर, मनी म्हैस बी धवळी करी द्या. काळी शे, बठ्ठं ऊन पी जास."

सर म्हणायचे, "म्हैस पाण्यात बसते, आबा. ती तुमच्यापेक्षा शहाणी आहे."

त्या हिवाळ्यात वाचनालयाच्या पटांगणात व्याख्यानमाला झाली. एका संध्याकाळी जळगावच्या कॉलेजातले एक प्राध्यापक येणार होते, विषय होता 'पृथ्वी तापते आहे काय?' आबांच्या घरच्या बायका निघाल्या, म्हणून मीही शाल गुंडाळून गेले. थंडी अशी होती, की पाहुण्यांचं स्वागत करणाऱ्याचेसुद्धा दात वाजत होते. आणि समोरचा माणूस सांगत होता की पृथ्वी तापते आहे. लोक हसू दाबत होते.

प्राध्यापकांनी मात्र नीट समजावून सांगितलं. म्हणाले, आपण कोळसा जाळतो, तेल जाळतो, त्याचा धूर आभाळात साचतो, पृथ्वीने अंगावर गोधडी घेतल्यासारखं होतं. काही मोठे लोक म्हणतात हे खरं आहे, काही म्हणतात उगाच भीती घालतात, ऊन-थंडी निसर्गाचीच आहे. वाद चालू आहे. मग एक जण उठून म्हणाला, भुसावळला तर आमचे आजोबाही भाजतच होते, तेव्हा कुठला धूर होता? दुसरा म्हणाला, झाडं तोडली ते बोला. पुढच्या रांगेतले एक व्यापारी म्हणाले, ही परदेशी लोकांची ओरड आहे, आपले कारखाने बंद पाडायला.

तेव्हा सर उभे राहिले. पांढरी छत्री त्यांनी सभेतही आणली होती. ते म्हणाले, "तापते की नाही हा वाद तुम्ही घालत बसा. मी गार कशी करायची ते विचारतो. मी वाचलंय की समुद्रातला एखादा ज्वालामुखी फुटला, त्याची बारीक पूड वर आभाळात पसरली, की पुढे कित्येक महिने दूरदूरच्या देशांत थंडी पडते. म्हणजे आभाळावर पांढरं काही पसरलं तर ऊन परत जातं. मग आपण का पसरू नये? विमानाने? मी पत्र्यावर करतो तेच, फक्त वर."

प्राध्यापक हसले नाहीत. म्हणाले, "अशी कल्पना काही शास्त्रज्ञांनी मांडली आहे. पण धोका आहे."

"कसला धोका?"

प्राध्यापक उत्तर देणार तोच मागून आबांचा आवाज आला. "सर, मी सांगू का? आभाळना सातबारा कोना नावावर शे?"

सगळं पटांगण हसलं. आबा मात्र उभेच होते. "हसू नका. मी वावरले पानी देस तं बांधवरना माणूसले आधी इचारस. तुम्ही वर पूड उडावश्यात, नि मना वावरवरना पाऊस दुसरीकडे गया, तं मी कोनाकडे जाऊ? तलाठीकडे?"

पुन्हा हशा. सर लाल झाले. म्हणाले, "आबा, तुम्हाला थट्टेशिवाय काही येत नाही," आणि छत्री उघडून, डोक्यावर धरून, त्या संध्याकाळच्या थंडीत पटांगणाबाहेर निघून गेले. पुढे बरेच दिवस ते आबांशी बोलले नाहीत. काही सांगायचं असलं तर आमच्या खोलीकडे तोंड करून मोठ्याने बोलायचे, म्हणजे भिंतीपलीकडे ऐकू जावं.

पण त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात आभाळ शिरलं. आधी ते फक्त आपल्या घराचे पत्रे पांढरे करायचे. आता म्हणायला लागले की नमुना दाखवला पाहिजे. एक गल्ली सगळी पांढरी करून दाखवायची. गल्ली गार झाली की गाव मानेल, गावाने मानलं की जळगाव, धुळे, आणि मग आभाळाचं बोलता येईल. यांना ते अंगणात बसवून सांगायचे. मी आत पोळ्या लाटत ऐकायची.

फाल्गुन संपता संपता मला मुलगी झाली. लहानखुरी होती. जिजीने तिला मांडीवर घेतलं, हाताने सगळीकडून चाचपलं आणि म्हणाली, "शे तेवढी पुरे. आते फक्त उन्हाळा निंघू दे." हेच माझ्याही मनात होतं. फक्त उन्हाळा निघू दे.

चैत्र लागला तसे सर बादली घेऊन आमच्या पत्र्यावर चढले. एक हात, वाळला की दुसरा, मग तिसरा. खोलीत बसून मी वरचा कुंच्याचा खरखर आवाज ऐकत होते. वैशाखात भर दुपारी मी स्टुलावर चढून आतून पत्र्याला हात लावला. हात राहिला. गरम होता, पण राहिला. मी किती वेळ तशीच उभी होते. खाली मुलगी झोपली होती आणि तिच्या कपाळावर घामाचे थेंब होते. साधे थेंब. धुळ्याला शेवटच्या दिवशी माझ्या मुलाला घाम यायचा थांबला होता.

त्याच दिवसांत आबांच्या घरचे सगळे चोपड्याला लग्नाला गेले, जिजीलाही घेऊन. जाण्याआधी आबांनी धाब्यावर नवी खारी टाकून घेतली होती. गल्लीतल्या बाकी घरांना सरांनी तोवर हातापाया पडून चुना लावला होता. मधलं एक आबांचंच घर राहिलं होतं. आमच्याकडे छपरावरून छपरावर जाता येतं. सर आमच्या पत्र्यावर चढून भिंतीवरून पलीकडे गेले आणि धाबंही पांढरं करून टाकलं. विचारायला घरात कुणी नव्हतं. आणि बोलणं बंद असल्यामुळे, असतं तरी त्यांनी विचारलं असतं की नाही, मला सांगता येत नाही.

आबा परत आले, वर बघितलं आणि हसले. "धाबं मूळचंच गार ऱ्हास, सर. त्याले चुना काब्रं लावा, कशाले?"

"तुमच्यासाठी नाही लावला," सर म्हणाले. इतक्या महिन्यांनी ते आबांशी थेट बोलले. "गल्लीसाठी लावला."

"बरं दिसस," आबा म्हणाले. भांडण मिटलं. चुना कुणी खरवडला नाही. खारीला चुना लावल्याने काय होतं ते गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं, कारण आजवर कुणी लावलाच नव्हता.

तो उन्हाळा निघाला. माझी मुलगी राहिली.

श्रावणात झड लागली. दिवसरात्र बारीक पाऊस, थांबायचं नाव नाही. अशा पावसाला धाब्याचं घर कधी भीत नाही. पण एका सकाळी मी चूल पेटवत होते आणि भिंतीपलीकडून धप्प असा आवाज आला, मोठा नाही, पोतं टाकल्यासारखा. मग आबांची हाक. मी मुलीला घेऊन तशीच धावले. मधल्या खोलीचा कोपरा खाली आला होता. ओली माती, काटक्या, एक सरा. त्याखाली जिजीची खाट.

आबांनी आणि यांनी माती उपसली. जिजी शुद्धीवर होती. तिच्या केसांत माती होती आणि ती म्हणत होती, "पोर कथी शे? पोरले आनू नका अठे." तिला माझ्या मुलीचीच काळजी. धुळ्याच्या दवाखान्यात सांगितलं, खुब्याचं हाड मोडलंय, या वयात जुळायचं नाही. त्यानंतर जिजी कधी चालली नाही.

सर त्या दिवशी पडलेल्या मातीतून मूठभर माती घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी अंगणाच्या भिंतीवरचे काळे-पांढरे डबे दिसेनासे झाले होते. त्यांच्या जागी काचेचे दोन पेले होते. दोन्हींत खारी कालवलेली. एकात साधं पाणी, दुसऱ्यात चुन्याची निवळी. साध्या पाण्यातली खारी गढूळच राहिली, दुधासारखी. चुन्याच्या पेल्यात माती भराभर तळाशी बसली आणि वर पाणी स्वच्छ झालं. स्वच्छ पाणी बघून मला आधी बरं वाटलं. मग सरांचा चेहरा बघितला.

ते येईल त्याला ते पेले दाखवत होते. पूर्वी जसे डबे दाखवायचे तसेच, पण आता आवाज नव्हता. म्हणत होते, "खारी ओली झाली की फुगते, चिकट होते, आपली भेग आपणच बुजवते. म्हणून पाणी आत येत नाही. चुन्याने ती फुगायची थांबते. वाळूसारखी होते. मी आयुष्यभर हेच शिकवलं. मला हे सुचायला हवं होतं."

आबा म्हणाले, "सर, सोडा आते. तुमनी नियत साफ व्हती."

"नियत पाणी अडवत नाही, आबा."

झड थांबल्यावर सरांनी गाडी भाड्याने घेतली आणि गावाबाहेरून खारी आणली. जुना थर सगळा काढला आणि नवा धाब्यावर स्वतः पसरला. आबांनी त्यांना अडवलं नाही. मग ते जिजीच्या खाटेपाशी आले. मी तिथेच होते, जिजीला पेज भरवत होते. सर हात जोडून उभे राहिले. जिजीने त्यांचा चुन्याचा वास ओळखला. म्हणाली, "सर शे का? गल्ली गार करी तुनी. मना पाय बी गार करी टाका."

मग जिजीच हसली, दात नसलेलं हसू. सर मात्र रडले. मोठ्या माणसाला असं रडताना मी प्रथमच बघितलं.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात व्याख्यानमालेत पुन्हा तोच विषय निघाला, तो आता पेपरातही येऊ लागला होता. एक तरुण इंजिनीयर आला होता, हुशार होता. त्याने सांगितलं की आभाळात आरसे बसवायच्या, ढग पांढरे करायच्या कल्पना निघाल्या आहेत, माणूस लवकरच हवामान आपल्या मुठीत घेईल. टाळ्या झाल्या. सगळे सरांकडे बघायला लागले, आता हे उठणार. सर उठले. म्हणाले, "मागे इथे एका शेतकऱ्याने विचारलं होतं, आभाळाचा सातबारा कुणाच्या नावावर आहे. मी रागावून निघून गेलो होतो. तोच प्रश्न मी तुम्हाला विचारतो. मला एका धाब्याची माती कळली नाही. तुम्हाला आभाळाची कळली असेल, तर चांगलंच आहे. पण त्याच्याखाली खाट टाकून झोपणाऱ्यांना विचारलं का?"

इंजिनीयर म्हणाला, "साहेब, विचारत बसलो तर तोवर सगळं भाजून निघेल."

सर म्हणाले, "तेही खरं आहे," आणि खाली बसले. त्या उत्तराचं त्यांना पुढे फार दिवस ओझं होतं. यांच्याशी बोलताना मध्येच म्हणायचे, "तो मुलगा खोटं बोलला नाही हो."

सर जाऊन आता काही वर्षं झाली. शेवटी शेवटी त्यांना दमा झाला होता, चुन्याजवळ जायला डॉक्टरांनी बंदी केली होती, तरी शिडीखाली उभे राहून ते कुंचा कसा फिरवायचा ते सांगायचे. त्यांच्याआधी जिजी गेली. तिला नेताना सर तिरडीपुढे मडकं धरणाऱ्या आबांच्या शेजारून चालले होते, आणि ऊन होतं म्हणून त्यांनी ती धोतर शिवलेली छत्री आबांच्या डोक्यावर धरली होती. त्या दिवशी छत्रीला कुणी हसलं नाही. माझी मुलगी आता चौथीत आहे. मी शिकले तेवढं तिचं होत आलं, इथून पुढचं मला न येणारं आहे.

पण मला सांगायचं आहे ते त्याआधीचं. जिजीवर धाबं कोसळलं त्याच्या पुढच्या उन्हाळ्याचं.

पावसाने पत्र्यांचा चुना धुऊन नेला होता. चैत्र आला, गेला. सरांची शिडी त्यांच्या पडवीत आडवी, साखळीने बांधलेली. त्यांनी डिंक भिजवला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मी आता कशालाच हात लावणार नाही." वैशाख लागला. मी स्टुलावर चढून पत्र्याला हात लावला आणि लगेच काढला. मुलीच्या मानेवर, पाठीवर पुरळ आलं. ती दूध टाकायला लागली. मी लुगडी ओली करून दारावर टांगली, जमिनीवर पाणी शिंपडलं. ती वाळायची, मी पुन्हा शिंपडायची. हे जिनिंगच्या कामाने गुजरातकडे गेलेले. सरांना सांगायचं मला धाडस होत नव्हतं. ज्या चुन्याने जिजीचे पाय गेले तोच चुना माझ्या पोरीसाठी मागायचा, कुठल्या तोंडाने?

दुपारी मी मुलीला घेऊन जिजीजवळ जाऊन बसायची. धाबं गार होतं. जिजी खाटेवर पडल्या पडल्या मुलीच्या अंगावरून हात फिरवायची. एकदा तो हात पुरळावर थांबला.

"पत्रा धवळा नही शे का औंदा?"

मी मान हलवली. तिला दिसलं नाही. पण ती समजली. "आबा," तिने हाक मारली, "त्या सरले बलाव."

सर आले. दारातच उभे राहिले, आत यायचं त्यांनी सोडूनच दिलं होतं. जिजी म्हणाली, "पत्रा काब्रं नही लावा?"

"जिजी, मी आता हात लावणार नाही ठरवलंय. माझ्या हाताने..."

"हात नही लावा म्हनीसन उन्हाळा थांबस का?"

सरांनी दाराची चौकट धरली.

"न इचारता लावा, मना पाय गया. आते गुपचूप बठी ऱ्हायना, नि या पोरले काही व्हयनं, तं ते कोना नावावर लिखशी?" तिला दम लागला. मग हळू म्हणाली, "हिनं एक गयेल शे, सर. धुयाले. पत्राखालेच."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना हे ठाऊक नव्हतं. मी पदरात तोंड घातलं.

ते लगेच शिडीकडे गेले नाहीत. आधी आमच्या खोलीच्या चारी बाजूंना फिरले. मागच्या माडीवरच्या शिंपिणीला विचारलं, "पत्रा पांढरा झाला तर तुमच्या खिडकीत ऊन उलटून येईल. चालेल का?" तिने सांगितलं, दुपारी डोळे दिपतील, मी मशीन पलीकडे सरकवते, लावा. खालच्या अंगाच्या घराला विचारलं, "पावसात चुना धुऊन तुमच्या लिंबाच्या आळ्यात उतरेल." ते म्हणाले, पन्हळ दुसरीकडे काढून द्या. सरांनी आधी पन्हळ काढून दिली. आबांना विचारलं. आबा म्हणाले, "फक्त भिंतना पलीकडे येऊ नका," आणि दोघंही हसले, त्या वर्षात पहिल्यांदा.

मग बादली आणि कुंचा घेऊन ते आमच्या दारापुढे आले. गल्लीतल्या बायका ओट्यांवर आल्या होत्या. सर म्हणाले, "बाई, तुमच्या डोक्यावरचं छप्पर आहे. लावू का?"

मी मान हलवली.

सर हलले नाहीत. "मान चालत नाही, बाई. मान म्हणजे काय हे मला कधीच कळलं नाही, मी आपला 'बरं' म्हणत आलो. आता तोंडाने सांगा. लावू, की नको लावू?"

बादलीतल्या चुन्यावर बुडबुडे येत होते. मुलगी माझ्या खांद्यावर होती, तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता, कढत. सगळी गल्ली बघत होती. मी इतक्या लोकांपुढे कधी एक शब्द बोलले नव्हते.

"लावा, सर," मी म्हणाले.

"ऐकू आलं नाही."

"लावा, सर! आजच लावा."

ते शिडी चढायला लागले. धाब्याखालून, खाटेवरून जिजीचा आवाज आला, "काय म्हनी ती?"

आबांनी दारातूनच सांगितलं, "लावा म्हनी."

"ती बोलनी व माय," जिजी म्हणाली, "बोलनी."